रूमशामची माणसे आणि आयोवातील मशीद

जुन्या मराठी कागदपत्रांत आणि बखरींत 'रूमशाम' असा एक जोडशब्द भेटतो. फार दूरच्या मुलखाची गोष्ट निघाली की तो हमखास येतो. रूम म्हणजे ऑटोमन तुर्कांचे राज्य. तिथे पूर्वी पूर्व रोमन साम्राज्य होते, म्हणून रूम. शाम म्हणजे दमास्कसच्या आजूबाजूचा सिरिया देश. आपल्या दख्खनला ही नावे काही अगदीच परकी नव्हती. विजापूरच्या बुरुजावरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) ओतली गेली. ती ओतणाऱ्या कारागिराचे नाव महंमद बिन हुसेन रूमी. म्हणजे रूमचा माणूस कामधंद्यासाठी नगरपर्यंत आला होता.

हीच रूमशामची माणसे पुढे साडेतीनशे-चारशे वर्षांनी आपल्या या अमेरिकन मिडवेस्टमध्ये, मक्याच्या शेतांमधून पाठीवर गाठोडी घेऊन दारोदार फिरत होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? मला तरी आयोवात बरीच वर्षे काढल्यावर कळले. त्या माणसांनी आयोवातील सीडर रॅपिड्स या गावी १९३४ साली एक लहानशी लाकडी मशीद बांधली. मशीद म्हणूनच बांधलेल्या आणि आजही उभ्या असलेल्या अमेरिकेतील इमारतींत ती सर्वांत जुनी मानली जाते. आज तिला 'मदर मॉस्क ऑफ अमेरिका' म्हणतात.

या लेखात त्या मशिदीची हकिगत सांगणार आहे. धर्माची चर्चा करण्याचा हेतू नाही. परदेशात आलेला मूठभर समाज स्वतःची वास्तू कशी उभारतो, ती हातची कशी जाते आणि पुन्हा कशी मिळते, हे त्या छोट्याशा इमारतीइतके स्वच्छपणे क्वचितच कुठे दिसत असेल. आणि हा प्रश्न आपल्या मंडळांना आज ना उद्या पडणारच आहे.

मोहल्ल्याची मशीद म्हणजे काय?

ऑटोमन मशीद म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इस्तंबूलचे चित्र येते. प्रचंड घुमट, चार-सहा उंच मिनार, निळ्या फरशा. पण त्या झाल्या सुलतानांच्या मशिदी. सामान्य माणूस रोज नमाजाला जात असे तो आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीत. तुर्की भाषेत मोहल्ल्याला 'महल्ले' म्हणतात. शब्द आपलाच वाटावा इतका जवळचा, कारण दोघांनीही तो अरबीतून घेतलेला. लहान प्रार्थनास्थळाला 'मेस्जित' म्हणत, म्हणजे आपला 'मशीद' हाच शब्द. शुक्रवारच्या प्रवचनाची सोय असलेली मोठी असेल तर 'जामी', म्हणजे आपली जामा मशीद.

या मोहल्ल्यातल्या मशिदी दिसायला कशा असत? बहुधा चार भिंतींची एक चौकोनी खोली, दगडाविटांची किंवा लाकडाची. वर उतरते कौलारू छप्पर. पुढे ओसरीसारखी पडवी. उशिरा येणाऱ्यांनी तिथे उभे राहून नमाज पढायचा. आत मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, म्हणजे मिहराब. बाहेर हातपाय धुण्यासाठी नळ किंवा हौद, आणि जमले तर एक बुटका मिनार. घुमट असलाच पाहिजे असे मुळीच नाही.

याचे एक सुंदर उदाहरण इस्तंबूलच्या जुन्या तटाबाहेर, तोपकापी भागात आहे. तक्केजी इब्राहिम यांची मशीद. तक्केजी म्हणजे टोप्या करणारा किंवा विकणारा. १५९२ च्या सुमाराची ही मशीद बाहेरून पाहिली तर साध्या उतरत्या छपराची. पण आत छपराखाली लाकडी घुमट लपवलेला आहे आणि भिंतींवर इझनिकच्या उत्तम फरशा आहेत. साम्राज्याचा महान वास्तुकार सिनान याने म्हातारपणी, १५८५-८६ च्या सुमारास, कोजामुस्तफापाशा भागात बांधलेली रमझान एफेंदी मशीदही अशीच लाकडी छपराची आहे. सुलेमानिये आणि सेलिमिये यांसारखे घुमट उभारणाऱ्या माणसाला लहान काम करताना कमीपणा वाटला नाही.

आपल्याकडे कोकणातल्या अनेक गावांतल्या जुन्या मशिदीही कौलारूच आहेत. लांबून पाहिले तर एखादे ऐसपैस घर किंवा देऊळ वाटावे. पाऊस जिथे जसा पडतो तसे छप्पर. सुतार, गवंडी गावचेच. देव कोणाचाही असो, वासे आणि कौले त्याच गावची असतात.

मोहल्ल्याच्या मशिदीचे दुसरे अंग मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती त्या वस्तीची कचेरी होती म्हणा ना. कितीतरी मोहल्ल्यांना त्यांच्या मशिदीचेच नाव असे. जन्म, मृत्यू, लग्न, नवीन भाडेकरू, भांडणतंटे या सगळ्यांची दखल इमामाकडे जाई. १८२९ साली सुलतान दुसरा महमूद याने इस्तंबूलमध्ये 'मुख्तार' म्हणजे वस्तीचा मुखिया नेमायला सुरुवात केली, तोपर्यंत सरकारदरबारी मोहल्ल्याचा जबाबदार माणूस इमामच होता. शिवाय अनेक मोहल्ल्यांचा स्वतःचा वक्फ, म्हणजे धर्मादाय निधी असे. आकस्मिक कर भरायला, गरिबाला मदत करायला, छप्पर शाकारायला त्यातून पैसे मिळत. छपराखाली नमाज होई, पण छप्पर टिकून राही ते या वर्गणीवर.

आता आपण आयोवाकडे येऊ, कारण नेमकी हीच गोष्ट बोटीत बसून इकडे आली.

गाठोडी घेऊन आलेले

१८८० नंतर ऑटोमन साम्राज्याच्या सिरिया प्रांतातून, म्हणजे आजच्या सिरिया आणि लेबनन या देशांतून, माणसे अमेरिकेकडे निघू लागली. कारणे आपल्याला परिचित वाटतील अशीच. जमिनीचे तुकडे पडत होते. लेबननच्या डोंगरात रेशमाचा मोठा धंदा होता, पण सुएझ कालवा झाल्यावर चीन-जपानचे स्वस्त रेशीम युरोपात येऊ लागले आणि तो घसरला. मुसलमान तरुणांना सक्तीच्या लष्करभरतीचा धाक होता. १९०९ मध्ये ती भरती ख्रिश्चनांनाही लागू झाली. आलेल्यांत बहुसंख्य ख्रिश्चन होते, मुसलमान थोडे. बहुतेकांचा विचार एकच: चार पैसे कमवू आणि परत जाऊ. हा विचार आपल्या पिढीनेही केला होता. तो कुठे गेला, हे सांगायला नको.

बंदरावर त्यांची नोंद होई ती 'आशियाई तुर्कस्तान' अशी. भाषा अरबी, गाव बेका खोऱ्यातले, पण कागदावर तुर्क. १८९९ पासून 'सिरियन' असा वेगळा रकाना आला, तरी लोकांच्या तोंडी 'तुर्क' हे नाव बरीच वर्षे टिकले.

काही जण नॉर्थ डकोटात सरकारी जमिनीचे दावे लावून शेतकरी झाले. त्यांनी रॉस या खेड्याजवळ १९२९ साली एक मशीद बांधली. बुटकी, अर्धी जमिनीत, थंडीपासून वाचेल अशी. बाकीच्यांनी फेरीचा धंदा पत्करला. सुया, दोरे, बटणे, लेस, फिती पाठीवर घ्यायच्या आणि शेतावरच्या एकट्या घरांची दारे ठोठवायची. इंग्रजीचे दहा-वीस शब्द पुरत. सीडर रॅपिड्स हे रेल्वेचे, ओटच्या गिरण्यांचे गाव. माल भरायला सोयीचे. हळूहळू गाठोड्याची घोडागाडी झाली, गाडीचे किराणा दुकान झाले, आणि दुकानाच्या मागे कुटुंब आले.

त्या काळी नागरिकत्वाचा प्रश्न सगळ्यांच्याच डोक्यावर टांगलेला होता. नागरिक व्हायला कायद्याने 'गोरे' असावे लागे (किंवा आफ्रिकन वंशाचे). सिरियन माणूस गोरा की नाही यावर खटले झाले, आणि १९१५ साली डाऊ खटल्यात निकाल लागला की गोरा. आपल्या लोकांचे नशीब उलटे. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही. सीडर रॅपिड्सपासून जवळच आयोवा सिटीच्या विद्यापीठात त्या वेळी सुधींद्र बोस हे बंगाली प्राध्यापक राज्यशास्त्र शिकवत होते. त्या निकालानंतर त्यांचेही नागरिकत्व गेले, आणि १९२७ मध्ये ते परत मिळाले. बाकीच्या हिंदुस्थानी लोकांना १९४६ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. आपली मंडळे या देशात इतकी उशिरा का सुरू झाली, शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ चे आणि बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे का, याचे उत्तर १९६५ च्या कायद्याइतकेच या जुन्या निकालांतही आहे. ज्यांना नागरिक होता आले, जमीन घेता आली, बायकामुले आणता आली, त्यांनाच इमारत बांधण्याचा विचार करता आला.

मंदीतले बांधकाम

सीडर रॅपिड्सचे मुसलमान प्रथम भाड्याच्या जागेत नमाजाला जमत. आपण शाळेच्या जिमखान्यात किंवा चर्चच्या हॉलमध्ये गणपती बसवतो तसेच. मग त्यांनी एक संस्था काढली. नाव मोठे गोड: 'रोझ ऑफ फ्रॅटर्निटी लॉज'. बंधुभावाचा गुलाब! गावातल्या इतर अमेरिकन मंडळींच्या जशा लॉज होत्या, तशीच ही. त्यांच्याच मुलखातून आलेल्या ख्रिश्चन शेजाऱ्यांचे सेंट जॉर्ज चर्च गावात होते. आपलीही जागा असावी, मुलांनी दोन अक्षरे अरबी शिकावीत, ही तळमळ त्यातून वाढली असणार.

काळ मात्र कठीण होता. १९२९ साली शेअरबाजार कोसळला. १९३३ च्या मार्चमध्ये देशभरच्या बँका काही दिवस बंद होत्या. आयोवात शेतकऱ्यांच्या जमिनी लिलावात जात होत्या, आणि शेतकरी हेच या लोकांचे गिऱ्हाईक. अशा वेळी किराणा दुकानदारांनी आणि फेरीवाल्यांनी वर्गणी जमवली, आणि १५ फेब्रुवारी १९३४ रोजी मशीद पुरी झाली. तोवर ऑटोमन साम्राज्य बुडून बारा वर्षे होत आली होती. ज्या राज्याचे प्रजाजन म्हणून ते आले, ते राज्यच नकाशावर राहिले नव्हते. त्या राज्यातली मोहल्ल्याची मशीद मात्र मक्याच्या देशात उभी राहिली.

तिचे पहिले नाव 'मॉस्लेम टेम्पल'. शेजाऱ्यापाजाऱ्यांना 'मॉस्क' या शब्दापेक्षा 'टेम्पल' लवकर कळत असावे. आपण नाही का 'आरती' समजावताना 'प्रेअर सर्व्हिस' म्हणतो?

पाहायला गेलो तेव्हा

नववा रस्ता, वायव्य भाग. साधी मध्यमवर्गीय वस्ती, हिरवळीचे तुकडे, पोर्चवाली घरे. त्या ओळीत ही मशीद अशी बसली आहे की गाडी हळू चालवली नाही तर चुकेल. माझे आईबाबा त्या वर्षी पुण्याहून आले होते, त्यांना घेऊन गेलो. गाडीतून उतरल्यावर बाबांचा पहिला प्रश्न, "एवढीच?" आई म्हणाली, "अहो, शाळा वाटतेय ही. आमच्या गावची जीवनशिक्षण मंदिर अशीच होती."

आईचे निरीक्षण अचूक होते. लाकडी सांगाडा, त्यावर आडव्या पांढऱ्या फळ्या, उतरते छप्पर, खाली तळघर, पुढे चार पायऱ्या. आयोवातली जुनी एकखोली शाळा, ग्रेंज हॉल किंवा खेड्यातले चर्च असेच बांधत. लाकूडवखारीतून ठरावीक मापाचे लाकूड आणायचे, खिळे ठोकून सांगाडा उभा करायचा. एकोणिसाव्या शतकात शिकागोच्या आसपास रुजलेली ही पद्धत स्वस्त, झटपट, आणि गावच्या कुठल्याही सुताराला येणारी. मशिदीची खूण म्हणाल तर दर्शनी बाजूला छपरावर बसवलेला छोटासा हिरवा घुमट, त्यावर चंद्रकोर, दारावर हिरवे छत. मिनार नाही. आत एक साधी, उजेडाची खोली.

या घुमटाला बांधकामाच्या दृष्टीने काहीच काम नाही. तो छप्पर तोलत नाही, आतली पोकळी वाढवत नाही. तो एक पाटी आहे. काही अभ्यासक अशा इमारतींना 'तडजोडीचे स्थापत्य' म्हणतील. मला ते पटत नाही. इस्तंबूलच्या तक्केजी इब्राहिमची मशीद आठवा. तिथेही गावच्या पद्धतीचे उतरते छप्पर आणि आत लपलेला घुमट. इथे छप्पर गावच्याच पद्धतीचे आणि घुमट बाहेर. तिथे आजूबाजूला मशिदीच मशिदी होत्या, ओळख सांगायची गरज नव्हती, म्हणून घुमट आत ठेवला तरी चालले. आयोवात आपण कोण हे सांगायचे होते, म्हणून तो दारावर आला. टोपीवाल्याची मशीद आणि फेरीवाल्यांची मशीद, या दोघी एकाच घराण्यातल्या आहेत.

आणि तळघर! अमेरिकेतल्या प्रार्थनास्थळाचा खरा जीव तळघरात असतो असे माझे मत झाले आहे. वर नमाज, आणि खाली जेवणावळी, मुलांचे वर्ग, बैठका. ऑटोमन मोहल्ल्यात मशिदीच्या भोवती जे पसरलेले असे, म्हणजे हौद, पाठशाळा, वर्गणीचा हिशेब, ते सगळे इथे एका मजल्याने खाली उतरले. हिवाळा उणे वीस अंशांचा असेल तर दुसरे काय होणार?

दिशेचा प्रश्नही गमतीचा. आयोवातून मक्केला तोंड करायचे तर कुठे करायचे? नकाशा सपाट पसरला तर आग्नेयेकडे वाटते. पण पृथ्वीच्या गोलावर सर्वांत जवळची वाट धरली तर ती ईशान्येकडे निघते, विमान जाते तशी. अमेरिकेतल्या मशिदींमध्ये या दोन मतांवर बरीच वर्षे चर्चा चालली आणि आता बहुतेक ठिकाणी ईशान्य मानतात. भारतात पश्चिम एवढे पुरते. देश बदलला की ज्यांचा विचारच कधी करावा लागला नाही, अशा गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. मकरसंक्रांतीला उणे तापमानात तिळगूळ वाटणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

या लहानशा समाजाने पुढे मोठी कामे केली. १९४८ साली त्यांनी स्वतःचे कब्रस्तान केले. परत जायचे नाही हे ज्या दिवशी पक्के होते, त्या दिवशी समाज स्मशानाची जागा शोधतो. दुसऱ्या महायुद्धात लढून आलेले अब्दुल्ला इग्राम याच गावचे. सैनिकांच्या गळ्यातल्या ओळखपट्टीवर धर्माची अक्षरे असत, त्यांत इस्लामसाठी अक्षर नव्हते. त्यांनी त्याचा पाठपुरावा थेट अध्यक्षांपर्यंत केला. त्यांच्याच पुढाकाराने १९५२ साली अमेरिका व कॅनडातील मुसलमानांचे पहिले मोठे संमेलन सीडर रॅपिड्सला भरले. त्यातून पुढे देशव्यापी संघटना उभी राहिली. आपल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशने आठवा. त्यांच्या आधी तीन दशके, एका किराणा दुकानदारांच्या गावात, तसाच घाट घातला गेला होता.

गेलेली आणि परत आलेली

समाज वाढला, तशी जागा अपुरी पडली. १९७१ च्या सुमारास गावाच्या दुसऱ्या भागात मोठे इस्लामिक सेंटर बांधले गेले आणि जुनी इमारत विकून टाकली. यात चूक काय म्हणावी? नव्या बांधकामाला पैसे हवे होते, जुने छप्पर गळत असेल, गाड्या लावायला जागा नसेल. कार्यकारिणीत बसलेल्या कोणालाही हे मुद्दे पाठ असतात. जुन्या इमारतीत मग किशोरवयीन मुलांचे केंद्र आले, पुढे चर्च आले. हळूहळू तिची पडझड झाली.

जवळजवळ वीस वर्षांनी, १९९० साली, इस्लामिक कौन्सिल ऑफ आयोवाने ती परत विकत घेतली. दुरुस्त केली, रंग दिला, घुमट पुन्हा हिरवा झाला. १९९६ साली ती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आली.

या परत मिळण्याला नशीब लागते. रॉसची मशीद वापरात राहिली नाही आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस पाडली गेली. २००५ साली तिथे एक छोटी नवी वास्तू बांधली आहे, पण मूळची ती मूळचीच. मिशिगनमध्ये हायलंड पार्कला तर १९२१ सालीच मशीद बांधली गेली होती. अंतर्गत वादांत ती वर्षा-दोन वर्षांत बंद पडली आणि विकली गेली. म्हणजे सीडर रॅपिड्सची मशीद 'पहिली' नाही, 'टिकलेली' आहे. पहिले असणे हा बऱ्याचदा योगायोग असतो. टिकण्यासाठी कोणीतरी कागद भरावे लागतात.

कॅनडात एडमंटनला १९३८ साली लेबननी लोकांनीच 'अल रशीद' मशीद बांधली. बांधणारा कंत्राटदार युक्रेनियन, त्यामुळे ती दिसायला थोडी त्यांच्या चर्चसारखी झाली. तिच्या उद्घाटनाला आलेले पाहुणे होते अब्दुल्ला युसुफ अली, कुराणाच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराचे कर्ते. त्यांचा जन्म मुंबईचा आणि पदवी मुंबई विद्यापीठाची! पुढे ही मशीद पाडली जाण्याची वेळ आली, तेव्हा तिथल्या मुस्लिम स्त्रियांच्या संघटनेने नेट लावून ती वाचवली. १९९१ साली ती उचलून फोर्ट एडमंटन पार्क या ऐतिहासिक वस्तीत नेऊन ठेवली.

सीडर रॅपिड्सची परीक्षा एवढ्यावर संपली नाही. जून २००८ मध्ये सीडर नदीला न भूतो असा पूर आला. १३ जूनला पाणी ३१.१२ फुटांवर पोहोचले. गावातले चेक आणि स्लोव्हाक लोकांचे राष्ट्रीय संग्रहालय बुडाले. मशिदीचे तळघरही भरले. इमारत वाचली, पण तळघरात ठेवलेली जुनी पुस्तके आणि कागदपत्रे पाण्यात गेली. इमारत विकली तेव्हा ती निदान कोठे आहे हे ठाऊक होते, म्हणून वीस वर्षांनी परत घेता आली. कागद परत विकत घेता येत नाहीत.

आपल्यासाठी

ती बातमी वाचल्यापासून मला आपलीच तळघरे दिसू लागली आहेत. मंडळाचा मूळ घटनेचा मसुदा कुणाच्या घरी आहे? पहिल्या गणेशोत्सवाची वर्गणीयादी? हाताने लिहून फोटोकॉपी काढलेली पहिली स्मरणिका? पहिल्या नाटकाचे फोटो, ज्यांच्या मागे नावे लिहायची राहून गेली? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: "त्या अमक्यांच्या बेसमेंटमध्ये असतील." अमके आता फ्लोरिडाला गेलेले असतात, नाहीतर त्याहून दूर.

आपल्याकडे सीडर रॅपिड्ससारखी वास्तू नसेलही. बहुतेक मंडळांचे आयुष्य भाड्याच्या हॉलमध्येच गेले. मग तर कागद हीच आपली वास्तू. बहुतेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आणि राज्यांच्या इतिहास संस्थांत स्थलांतरितांची कागदपत्रे जपणारे विभाग असतात. एखाद्या शनिवारी दोन-तीन जुन्या सभासदांना चहाला बोलवावे, फोटो समोर ठेवावेत, आणि पेन्सिलीने मागे नावे लिहून घ्यावीत. खर्च चहाचा. स्मरणिकेच्या दोन प्रती ग्रंथालयात द्याव्यात. आणि मूळ प्रती तळघरात ठेवू नयेत, वरच्या मजल्यावर ठेवाव्यात.

त्या दिवशी निघताना बाबा मशिदीच्या पायऱ्यांवर थांबले होते. लोकमान्य वाचनालयात तीस वर्षे चिटणीस म्हणून काम केलेला माणूस. भिंतीवरची जुन्या सभासदांची छायाचित्रे त्यांनी एकेक करून पाहिली होती. म्हणाले, "इमारत लहान आहे, पण हिशेब ठेवणारी माणसं होती रे इथे." ऑटोमन मोहल्ला असो, आयोवा असो की आपले मंडळ, टिकण्याचे रहस्य त्यांनी एका वाक्यात सांगितले असे मला वाटते.

सीडर रॅपिड्स आपल्या वाटेवर असेल तर अर्धा तास काढून जरूर थांबा. मुलांनाही दाखवा. मात्र गाडी हळू चालवा, नाहीतर चुकेल.